पाय उचलायचा नाही

३ मार्च, सोमवार

जुन्या गाड्यांच्या मासिकाकडून होकार आला. दोन हॅचबॅकची तुलना: एक जर्मन, एक फ्रेंच, दोन्ही माझ्या जन्माआधीच्या. त्या काळी साध्या घरगुती गाडीत ताकदवान इंजिन बसवून तिला अंगापेक्षा जास्त पळवायची टूम निघाली होती, त्यातल्या या दोन. संपादकांचं म्हणणं, आठवणी बऱ्याच जणांनी लिहून झाल्या आहेत, आता आकडे द्या. आकडे मला जमतात. टायर कंपनीच्या चाचणी-ट्रॅकवर मी दिवसभर तेच करते.

गाड्या शोधाव्या लागणार नाहीत. फ्रेंच बाबांची, जर्मन काकांची. दोघा भावांनी एकाच वर्षी घेतल्या आणि तेव्हापासून भांडताहेत. शनिवारी ट्रॅक रिकामा असतो, साहेबांनी परवानगी दिली आहे. दोन्ही गाड्यांना चालक एकच हवा, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. चालक बाबा. तरुणपणी घाटातल्या शर्यतींत धावले, नंतर जन्मभर लोकांना गाडी शिकवली.

मला वाटलं होतं आढेवेढे घेतील. गेले काही महिने त्यांनी फ्रेंच गाडी गॅरेजबाहेर काढलेली नाही. पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाले.

आईला नवल वाटलं. "विचारलेलं नीट ऐकू तरी आलं का त्यांना?" तिची खात्री आहे की बाबांचे कान चाललेत. हाक मारली तर कधी कधी ओ देत नाहीत.

५ मार्च, बुधवार

गॅरेजमध्ये दोन्ही गाड्या शेजारी लावल्या. टायर दोघींना सारखेच बसवले, प्रेशर सारखं. लॉगर जोडला. तो चार गोष्टी टिपतो: वेग, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबला आहे, स्टिअरिंग किती वळलं आहे, आणि गाडी बाजूला किती ओढली जाते. पडद्यावर चार रेघा उमटतात.

जर्मन गाडीत बसलं की दार बँकेच्या तिजोरीसारखं बंद होतं. फ्रेंच गाडीचं दार बिस्किटाच्या डब्यासारखं. फ्रेंच हलकी आहे, जास्त चपळ आहे, आणि तिची एक खोड आहे जी घरात सगळ्यांना पाठ आहे. भर वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरून अचानक पाय उचलला की वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग पुढे यायला निघतो. म्हणून बाबांचा एकच नियम: वळणात शिरलात की पाय उचलायचा नाही. भीती वाटली तर वळणाच्या आधी वाटून घ्यायची.

जर्मन गाडीत तीच चूक केली तर तिचं नाक जरा आत वळतं, बस. काका म्हणाले, "माझी गाडी पोटात घालते. दादाची गाडी बोंब मारते."

बाबा म्हणाले, "बोंब मारणारं कुणीतरी हवं घरात."

मी फ्रेंच गाडी दुकानापर्यंत नेली आहे, त्यापलीकडे कधी नाही. जमत नाही म्हणून नाही. भीती वाटते. हे इथेच लिहिते आहे, लेखात जाणार नाही.

एक गोष्ट खटकली. शेजारच्या सीटवर बसून मी आकडे बघत राहणार होते. बाबा नाही म्हणाले. माझ्या वजनाने गाडीचा तोल बदलेल, आकडे बिघडतील. मुद्दा बरोबर आहे. पण तो मुद्दा माझ्या आधी त्यांना सुचला याचा जरा राग आला.

८ मार्च, शनिवार

आधी जर्मन. एकामागून एक फेऱ्या, सगळ्या जवळजवळ सारख्या. काका छाती काढून उभे होते.

मग फ्रेंच. पहिल्या फेऱ्या जर्मनपेक्षाही जलद. काकांनी मान दुसरीकडे वळवली. मी लांब वळणाच्या आतल्या बाजूला, भिंतीमागे उभी होते. हे वळण ट्रॅकवरचं सगळ्यांत मोठं आहे, त्यात बराच वेळ पाय स्थिर ठेवावा लागतो.

इंजिनाचा आवाज वळणाच्या मध्यावर खाली आला. ब्रेक मारल्यावर येतो तसा नाही, कोणी रेडिओचं बटण हळूहळू फिरवावं तसा. मग मागची चाकं सुटली. गाडी आडवी झाली, तोंड मागे करून फिरली, पुन्हा सरळ, आणि बाहेरच्या गवतात जाऊन थांबली. मी पळाले. पळताना मला फक्त माझे बूट ऐकू येत होते.

बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले होते. लागलं नव्हतं. मी दोनदा विचारल्यावर माझ्याकडे बघितलं.

"पाय उचलला मी," ते म्हणाले.

ज्यांनी आयुष्यभर सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली, त्यांनी ती स्वतः मोडावी? मला पटत नाही. ते गाडीला पाठीशी घालताहेत. दोष गाडीत आहे आणि तो मला शोधायला हवा, कारण पुढच्या शनिवारी तेच वळण आहे आणि गवताच्या पुढे कुंपण आहे.

काका परत येताना एक अक्षर बोलले नाहीत. चिडवायला मिळालेली इतकी चांगली संधी त्यांनी सोडली, यावरून तेही घाबरले असावेत.

९ मार्च, रविवार

रेघा बघितल्या. अ‍ॅक्सिलरेटरची रेघ वळणाच्या मध्यावर उताराला लागते. पाय उचलला तर ती कड्यावरून पडल्यासारखी खाली येते. ही ओघळली आहे. अ‍ॅक्सिलरेटरची केबल कुठेतरी अडकत असेल, किंवा पेडलची स्प्रिंग. केबल बदलायची. मागच्या अ‍ॅक्सलची बेअरिंगही उघडून बघायची, या गाड्यांची ती जुनी दुखणी.

लेखाची सुरुवात करून ठेवली. जर्मन गाडीबद्दल एक वाक्य जमलं आहे: "सरळ रस्त्यावर ती इतकी स्थिर धावते की काही ठिकाणी स्टिअरिंगची रेघ आखणीच्या पट्टीने ओढावी तशी सपाट आहे, चालकाच्या हाताला करायला काही उरतच नाही." संपादकांना आवडेल.

दुपारी ताई आली होती. ती कामावर असते म्हणून तिच्या मुलीला, आमच्या चिमणीला, शाळेतून आणायचं काम बाबांकडे आहे. ताईची तक्रार की हल्ली पोर उशिरा घरी पोचते. चिमणीचीही तक्रार: "आजोबा मला रोज चालत आणतात. माझे पाय मोडतात."

बाबा म्हणाले, घरच्या, रोजच्या वापराच्या गाडीची बॅटरी गेली आहे. मी लगेच मीटर घेऊन तपासली. बॅटरी उत्तम आहे. तसं सांगितलं तर म्हणाले, चालण्याने गुडघे बरे राहतात. मग बॅटरीचं कशाला सांगितलं, कळलं नाही. म्हातारपणी माणसं उगाच कारणं देतात बहुतेक.

११ मार्च, मंगळवार

संध्याकाळी काका आणि मी मिळून फ्रेंच गाडीचा मागचा अ‍ॅक्सल उतरवला. एका बाजूचं बेअरिंग थोडं झिजलेलं होतं. थोडं. एवढ्याने गाडी फिरणार नाही, पण मला ते बघून बरं वाटलं. घाबरलेल्या माणसाला दोष सापडला की हायसं वाटतं, मग तो पुरेसा असो वा नसो.

बाबा स्टुलावर बसून पाने देत होते. मी तेराचा पाना मागितला. त्यांच्या हातात तोच होता. दिला नाही. पुन्हा मागितला. ते अ‍ॅक्सलकडे बघत होते, ओठ अगदी हलके हलत होते. काकांनी पाना त्यांच्या बोटांतून सोडवून मला दिला आणि म्हणाले, "दादा, काळजी नको, ऑपरेशन घरचेच करताहेत."

थोड्या वेळाने बाबांनी विचारलं, "कुठला पाना हवा म्हणालीस?"

त्यांना गाडी अशी उघडी पडलेली बघवत नसावी.

१४ मार्च, शुक्रवार

केबल नवी, स्प्रिंग नवी, बेअरिंग नवं. पेडल हाताने कितीतरी वेळा दाबून बघितलं. कुठेही अडकत नाही. उद्या काही होणार नाही.

हे वाक्य मी ऑफिसच्या अहवालात लिहिलं असतं तर साहेबांनी खोडलं असतं. पुरावा काय, म्हणाले असते.

जेवताना बाबांना म्हटलं, वाटल्यास लांब वळणावर सावकाश घ्या. ते म्हणाले, "सावकाश घेतल्यावर काय कळणार तुला?" आई म्हणाली, काय कळायचं आहे एवढं, दोन जुन्या गाड्या आहेत. बाबांनी भात पुढे ओढला.

१५ मार्च, शनिवार

पुन्हा त्याच भिंतीमागे उभी राहिले. हवा थंड होती.

पहिल्या फेऱ्या स्वच्छ. मी मनात संपादकांना पत्रही लिहून टाकलं. मग पुन्हा तोच आवाज, तसाच ओघळत खाली आलेला. मी डोळे मिटले, हे कबूल करायला हवं. माझं काम बघायचं होतं. टायर किंचाळले, थांबले. डोळे उघडले तेव्हा गाडी वाकडी होऊन परत सरळ होत होती. या वेळी त्यांनी सावरली. किंवा ती आपोआप सावरली, मी बघितलं कुठे.

बाबा फेरी अर्धवट सोडून आत आले, इंजिन बंद केलं आणि हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. चेहरा राखाडी. मी म्हटलं, केबल नाही, बेअरिंग नाही, आता मला पुढचं सस्पेन्शन उघडावं लागेल.

"उघड हवं तर," ते म्हणाले. "पण जे दिसतंय तेच लिही. मला सांभाळून घेऊ नकोस."

मला वाटलं लेखाबद्दल बोलताहेत. फ्रेंच गाडी हरली तर वाईट वाटून घेणार नाही, असं.

त्यानंतर ते काही गाडी चालवणार नाहीत म्हणाले. येताना फ्रेंच गाडी काकांनी चालवली. बाबा मागच्या सीटवर बसले. ते कधी मागे बसत नाहीत.

१७ मार्च, सोमवार

आज घडलं ते क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिता येणार नाही.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत लेखासाठी जर्मन गाडीचा आलेख निवडत होते. ते माझं आवडतं वाक्य होतं ना, सपाट रेघेचं, त्यासोबत छापायला ती जागा हवी होती. सापडली. सरळ रस्ता, स्टिअरिंगची रेघ पट्टीने ओढल्यासारखी.

सहज अ‍ॅक्सिलरेटरची रेघ तिच्यावर ठेवून बघितली. त्याच जागी ती ओघळली होती.

मग फ्रेंच गाडीचे दोन्ही शनिवार काढले. लांब वळण. अ‍ॅक्सिलरेटर ओघळतो, आणि त्याच क्षणी स्टिअरिंगची रेघ सपाट होते. वळणात. जिथे हात क्षणभरही स्वस्थ राहू शकत नाही. जिवंत माणसाचा हात स्टिअरिंगवर सतत बारीक थरथरतो. रेघेला केस फुटल्यासारखे दिसतात. तिथे केस नव्हते. कोणी चालवतच नव्हतं.

यानंतर मी काय केलं? लॉगर तपासला. दोन गाड्या, दोन वेगळ्या केबली, सामाईक फक्त लॉगर, म्हणून सेन्सर मध्येच बंद पडत असणार. वेगाची रेघ त्या वेळीही नीट चालू होती. लॉगर ठीक होता. सामाईक आणखी एक गोष्ट होती आणि ती मी गेले दोन आठवडे यादीत धरलीच नव्हती.

पाना. हाक. ओ न देणं. कान.

जर्मन गाडीने पोटात घातलं होतं. आणि घरची गाडी तर नवी आहे. रस्त्यावरच्या पट्ट्याबाहेर गेली तर स्वतः स्टिअरिंग ओढून आत आणते, समोर काही आलं तर स्वतः ब्रेक मारते. ती तर कोणाला काही कळूच देणार नाही. शाळा सुटायची वेळ झाली होती. आज अवकाळी पाऊस होता. पावसात ते पोरीला चालत आणणार नाहीत.

बाबांना फोन केला. उचलला नाही. आईला केला. "गेले चिमणीला आणायला," ती म्हणाली. "गाडी? बघितलं नाही ग. काय झालं?" मी काही नाही म्हटलं.

साहेबांना न सांगता निघाले. ट्रॅकपासून शाळेपर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की प्रत्येक चौकात मी आधी आमच्या गाडीचा रंग शोधत होते आणि मग माणसांचा घोळका. एका ठिकाणी घोळका होता. बस थांबली होती, एवढंच.

शाळेच्या अलीकडच्या रस्त्यावर ते दिसले. छत्री घेऊन चालत होते. चिमणी डबक्यांतून उड्या मारत होती. त्यांनी तिला भिंतीच्या बाजूला ठेवलं होतं आणि स्वतः रस्त्याच्या बाजूने चालत होते. तिचं दप्तर त्यांच्या खांद्यावर. दप्तराचा दुसरा पट्टा मोकळा लोंबत होता, मी तोही बघितला. मी उगाच सगळं तपासत होते. मी गाडी बाजूला घेतली आणि उतरता येईना.

चिमणीने काच ठोकली. "मावशी, तू रडतेस का?"

"पाऊस आहे," मी म्हटलं. मी गाडीच्या आत होते.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी विचारलं नाही की मी इथे कशी. "दिसलं तुला?" एवढंच विचारलं.

१८ मार्च, मंगळवार

काल रात्री झोप नव्हतीच. सकाळी आई बाहेर गेल्यावर बाबा आणि मी गॅरेजमध्ये बसलो.

त्यांना हिवाळ्यापासून शंका होती. एकदा घरच्या गाडीत, एकटे असताना, एक सिग्नल आला आणि मग ते सिग्नलच्या पलीकडे होते. मधलं काही नाही. भास असेल म्हणाले स्वतःला. पुन्हा झालं. त्या दिवसापासून चिमणीला गाडीत बसवलं नाही. पण खात्री नव्हती, आणि खात्री नसताना डॉक्टरांना काय सांगणार, म्हणाले. मला वाटतं, खात्री नसताना आम्हाला काय सांगणार, असं त्यांना म्हणायचं होतं.

"घरची गाडी सगळं सावरून घेते ग. तिच्यात कळेना. म्हटलं, ही सावरणार नाही." फ्रेंच गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले. "आणि तू मोजणार होतीस."

मी विचारलं, मला भिंतीमागे उभं करून? दुसऱ्या शनिवारी, पहिलं माहीत असून?

ते बराच वेळ बोलले नाहीत. मी घाबरून त्यांच्या ओठांकडे बघितलं. पण ते नुसतेच गप्प होते.

"बाजूला तू बसू नयेस एवढं बघितलं मी," ते म्हणाले.

मला खूप राग आला आहे. तो कुठे ठेवायचा ते ठरत नाही.

आईला दोघांनी मिळून सांगितलं. ती आधी म्हणाली, म्हणजे कान ठीक आहेत? मग स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. तो बराच वेळ चालू होता.

२४ मार्च, सोमवार

डॉक्टरांना मी रेघा दाखवल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, घरचे लोक येतात आणि "तंद्री लागते" एवढंच सांगतात; असं काही त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. फिटचा एक प्रकार आहे, हातपाय झाडत नाहीत, माणूस थोडा वेळ नसतो. मेंदूचा फोटो काढला. कशामुळे, ते कळायला अजून तपासण्या आहेत. त्या "बघू" म्हणाल्या, आणि त्या शब्दात किती गोष्टी मावतात ते मी घरी येईपर्यंत मोजत होते.

गोळ्या सुरू. गाडी बंद.

बाबांनी तिथेच खिशातून फ्रेंच गाडीची आणि घरच्या गाडीची, दोन्ही किल्ल्या काढून माझ्या हातात दिल्या. किल्ल्या सोबत घेऊनच आले होते. बाहेर काका बसले होते. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझ्या गाडीने तुला लपवलं होय रे दादा?" चिडवायला गेले आणि आवाज मध्येच फाटला.

३० मार्च, रविवार

काल तुलना पुरी केली. संपादकांना मी लेख होणार नाही असं कळवणार होते. बाबांनी कळवू दिलं नाही. आकडे नव्याने घ्यायचे, चालक बदलायचा. चालक मी.

जर्मन गाडी आधी चालवली. ती चालवताना भीती वाटत नाही, आणि आता त्याचीच मला भीती वाटते.

मग फ्रेंच. पट्टा लावत होते तेवढ्यात बाबा हेल्मेट घालून शेजारी येऊन बसले. मी म्हटलं, तुमच्या वजनाने आकडे बिघडतील.

"मग जर्मनमध्येही बसतो. हिशेब सारखा होईल."

पहिल्या फेऱ्यांत ते सतत बोलत होते. ब्रेक आत्ता. नजर वळणाच्या शेवटावर, बॉनेटवर नाही. हात सैल. मी त्यांच्या आवाजावर चालवत होते, रस्ता मला फारसा दिसत नव्हता. आणखी एक, म्हणाले, या खेपेला लांब वळणात खरोखर दाबून.

वळणात शिरले. गाडी बाहेर ओढायला लागली, अंगाखालची सीट हलकी झाली, कुंपण खिडकीच्या काचेत आलं. आणि आवाज थांबला.

"बाबा?"

काही नाही.

बघायचं असेल तर मान वळवावी लागणार होती. थांबायचं असेल तर पाय उचलावा लागणार होता. पुन्हा हाक मारली. काही नाही. माझा पाय थरथरत होता, तो लॉगरवर दिसतो आहे, रेघेला केसच केस आहेत. पण रेघ खाली आलेली नाही. मी वळणाच्या शेवटाकडे बघत राहिले, तो येता येत नव्हता, मग आला, स्टिअरिंग हळूहळू सरळ झालं, आणि मग मी सावकाश पाय काढला.

शेजारी हेल्मेट हललं.

"हं," बाबा म्हणाले. "आता वळण येईल. घाबरू नकोस."

"गेलं, बाबा," मी म्हटलं.